कल्पना कुणाची, कागद कुणाचा

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महिला गटांच्या धुळे येथील शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळच्या सत्रात आपण घराच्या आणि शेताच्या मालकीवर बोललो. ते विषय आपल्या ओळखीचे आहेत. भिंत दिसते, बांध दिसतो. मला दिलेला विषय न दिसणाऱ्या मालकीचा आहे. आपल्याला सुचलेली गोष्ट कायद्याने आपली ठरते का, आणि ठरत असेल तर कशी? जेवताना रावेरकडच्या एक मावशी मला म्हणाल्या, "डोक्यातल्या गोष्टीला कुलूप कसं लावणार बाई?" मावशी शाळेत गेलेल्या नाहीत, पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचं मत त्यांच्यापेक्षा फारसं वेगळं नाही.

हा विषय लेखकांचा, सिनेमावाल्यांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असं काहीजणींच्या मनात आलं असेल. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना आम्हाला कौटुंबिक कायदे शिकवले, कामगार कायदे शिकवले. पेटंट, कॉपीराइट हे शब्द मात्र कारखानदारांचे म्हणून बाजूलाच राहिले. गटांबरोबर काम सुरू केलं तेव्हा कळलं की हे शब्द आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेले आहेत.

आमच्या भागातल्या एका गटाची गोष्ट सांगते. गटाचं आणि व्यापाऱ्याचं नाव घेत नाही, कारण गट अजून त्याच बाजारात माल विकतो. ज्वारीचे बिबडे आपण सगळ्याच करतो. पीठ आंबवायचं, शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, उन्हात वाळवायचं. आपले बिबडे ताटाएवढे असतात. या गटाने ते पुरीपेक्षाही लहान केले, लसूण-तिळाचं प्रमाण बदललं, आणि लहान बिबडा वाळताना कडेने तडकतो त्यावर एक युक्ती काढली. पुण्या-मुंबईच्या डब्यात बसेल असा माल झाला. शहरातल्या एका ठोक व्यापाऱ्याने दोन महिने नमुने नेले. एकदा तो स्वतः येऊन बसला, तडे कसे जात नाहीत ते विचारून गेला. बायांनी पाहुणा म्हणून चहा दिला आणि सगळं सांगितलं. पुढे मागणी थांबली, आणि दिवाळीत त्याच आकाराचे, त्याच चवीचे बिबडे त्याच्या स्वतःच्या पुड्यांतून बाजारात आले. "आमची आयडिया चोरली, पोलिसात चला," म्हणून अकरा बाया माझ्याकडे आल्या. राग खरा होता. उन्हाळाभर गच्चीवर हात भाजले होते त्यांचे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. दिल्लीत आर. जी. आनंद नावाचे नाटककार होते. त्यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक पन्नासच्या दशकात गाजलं. प्रांताप्रांतांतला दुजाभाव आणि त्यात अडकलेलं एक लग्न, असा त्याचा विषय. १९५६ साली 'न्यू दिल्ली' नावाचा सिनेमा आला, विषय तोच. आनंद यांनी सिनेमावाल्यांना आपली कथा ऐकवलेली होती, म्हणून ते कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९७८ साली निकाल लागला तो आनंद यांच्या विरोधात. न्यायालयाने सांगितलं की कल्पना, विषय, कथाबीज यांवर कुणाचाही कॉपीराइट नसतो. ती कल्पना ज्या शब्दांत, ज्या मांडणीत, ज्या प्रसंगांतून उभी केली, त्या मांडणीवर तो असतो. मांडणीची नक्कल सिद्ध झाली तरच दाद मिळते.

हे स्वयंपाकघरात आणून पाहा. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' तुमच्यापैकी अनेकींच्या घरी असेल. त्यातली कृती वाचून तुम्ही लाडू केलेत आणि दुकानात विकलेत, तर कायद्याच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही. पुस्तकाची पानं छापून विकलीत, तर तो गुन्हा आहे. वाटी-चमच्याचं माप देऊन कृती सांगायची ही पद्धतही कुणी वापरू शकतं. कमलाबाईंचे शब्द मात्र कमलाबाईंचेच.

म्हणजे बिबड्याच्या आकारासाठी आणि लसूण-तिळाच्या प्रमाणासाठी पोलीस काही करणार नाहीत. गटाला हे सांगितल्यावर एकजण म्हणाली, "मग हा कायदा पुरुषांनीच केला असणार." केला पुरुषांनीच आहे. पण इथे जरा थांबून विचार करू या. कल्पनेला कुलूप लागलं असतं, तर किल्ली कुणाच्या कमरेला असती? वकील, पैसा आणि मुंबईला खेपा घालायची मोकळीक ज्याच्याकडे, त्याच्या. बिबडे, कुरडया, खापरावरचे मांडे, सगळं एव्हाना कुणा शेठजीच्या नावावर लागलं असतं आणि आपण आपल्याच सासूचे बिबडे थापायला परवाना मागत बसलो असतो. बचत गटाची कल्पना तरी कुणाची होती? एका गावाने दुसऱ्या गावाचं पाहून गट काढले, दारूचं दुकान बंद करायला मतदान घेतलं, हळदी-कुंकवाला विधवा बहिणींना बोलावलं. आपली चळवळ एकमेकींचं पाहूनच वाढली आहे. कल्पना मोकळी राहते हे आपल्या भल्याचंच आहे, असं माझं मत आहे. काहीजणींना ते पटणार नाही, चर्चेत जरूर बोला.

पण कल्पना मोकळी आहे याचा अर्थ तिच्याभोवतीचं सगळंच मोकळं आहे असा नाही.

पहिलं म्हणजे नाव. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. तीच आजची श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. उडदाचा पापड हा शोध त्यांचा नव्हता, आणि त्यांनी तो कधी आपला म्हटलाही नाही. पापड आजही कुणीही लाटावा. 'लिज्जत' हे नाव मात्र दुसऱ्या कुणाला पापडावर छापता येत नाही, आणि ते नाव एका मालकाचं नसून लाटणाऱ्या बहिणींच्या संस्थेचं आहे. ट्रेडमार्कचा कायदा १९९९ चा आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि ती पुन्हा पुन्हा वाढवता येते. व्यक्तीला आणि लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी साडेचार हजार रुपये पडते. गटाला ही रक्कम जड आहे, पण एका मेळाव्यातल्या विक्रीतून उभी राहू शकते.

यात दोन खड्डे आहेत. 'खान्देशी पापड' किंवा 'चविष्ट मसाला' असलं नाव घेतलं तर सहसा नोंदणी मिळत नाही, कारण ते शब्द सगळ्यांचे आहेत. वेगळं नाव शोधावं लागतं. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. आपला बचत गट बहुतेक वेळा कुठल्या कायद्याखाली नोंदलेला नसतो. मग अर्ज कुणाच्या नावाने करायचा? "माझ्या मालकांच्या नावाने करून टाकू, त्यांना मुंबईला जायला जमतं," असं अध्यक्षबाई भोळेपणाने म्हणतात, आणि दहा वर्षं बायांनी मोठं केलेलं नाव एका पुरुषाच्या मालमत्तेत जमा होतं. सहकारी संस्था, उत्पादक कंपनी किंवा नोंदलेला महासंघ यांच्या नावाने अर्ज करा. ते होईपर्यंत निदान बिलबुकं, छापलेल्या लेबलांची पावती, जत्रेतल्या दुकानाचे फोटो तारखेसह जपून ठेवा. नोंदणी नसली तरी 'हे नाव आम्ही अमुक सालापासून वापरतो आणि गिऱ्हाईक आम्हाला त्यावरून ओळखतं' एवढं सिद्ध केलं, तर आपल्या नावाखाली दुसऱ्याचा माल खपवण्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येते.

दुसरं, विश्वासाने सांगितलेली गोष्ट. इथे कल्पनेलासुद्धा संरक्षण मिळालेलं आहे, आणि तो निकाल आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. सनडायल कम्युनिकेशन्स नावाच्या कंपनीने एका दूरदर्शन मालिकेची कल्पना टिपणाच्या रूपात झी टेलिफिल्म्सच्या अधिकाऱ्याला दिली होती. बाळकृष्ण एका कुटुंबात राहायला येतो अशी ती कल्पना. बोलणी फिसकटली, आणि नंतर झीच्या वाहिनीवर तशाच मालिकेच्या जाहिराती दिसू लागल्या. २००३ साली उच्च न्यायालयाने ती मालिका दाखवायला केलेली मनाई कायम ठेवली. म्हणणं असं की ही गोष्ट विश्वासाने सांगितली होती आणि तो विश्वास मोडला गेला. पण त्यासाठी नेमकं काय सांगितलं ते दाखवता आलं पाहिजे, ते गुप्त ठेवायचं होतं हे समोरच्याला ठाऊक असलं पाहिजे, ते चारचौघांना आधीच माहीत असलेलं नसावं, आणि समोरच्याने ते परवानगीशिवाय वापरलं हे दिसलं पाहिजे. सनडायलकडे टिपण होतं, ते दिल्याच्या नोंदी होत्या. म्हणून ते जिंकले.

आपल्या बिबडेवाल्या बायांकडे काय होतं? चहाचे कप. तडे न जाण्याची युक्ती ही खरोखर गुपित ठेवण्याजोगी गोष्ट होती. व्यापाऱ्याशी बोलण्याआधी अर्ध्या पानाचं मराठी पत्र पुरलं असतं: 'आज अमुक तारखेला आम्ही आमच्या मालाची पद्धत तुम्हाला फक्त खरेदीच्या बोलणीसाठी सांगत आहोत, आमच्या लेखी परवानगीशिवाय ती वापरू नये.' खाली त्याची सही. सही द्यायला तो तयार नसेल, तर तेही एक उत्तरच आहे, मग पद्धत सांगायची नाही, नुसता माल दाखवायचा. आता आमच्याकडचे तीन गट असं पत्र वापरतात. एका व्यापाऱ्याने ते पाहून हसून विचारलं, "बाई, पापड विकता का बॉम्ब?" सही मात्र केली.

पेटंटबद्दल थोडक्यातच बोलते. नवं यंत्र, नवी प्रक्रिया, जी आधी कुणाला माहीत नव्हती आणि जाणकारालाही सहज सुचली नसती, तिला अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांचं पेटंट मिळू शकतं. परंपरेने चालत आलेलं ज्ञान आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे शोध ठरत नाही. कुणी शेवया पाडायचं, मिरची खुडायचं साधं यंत्र खरोखर नव्याने बनवलं असेल, तर ते प्रदर्शनात मांडण्याआधी आणि वर्तमानपत्रात फोटो देण्याआधी अर्ज करावा. आधी जाहीर झालं की नवेपणाच गेला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, म्हणजे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन, खेड्यातल्या संशोधकांना अशा कामात मदत करतं.

पण पेटंटच्या निमित्ताने हळदीची हकीकत सांगायलाच हवी. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. जखमेवर हळद! इथे बसलेल्या प्रत्येकीच्या गुडघ्यावर आजीने ती दाबलेली आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सी.एस.आय.आर.चे प्रमुख होते. त्या संस्थेने पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण आव्हान कशाच्या जोरावर दिलं ते नीट ऐका. संस्कृत ग्रंथातले उतारे आणि १९५३ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला लेख, असे छापील पुरावे लागले. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातली नुसती वहिवाट चालत नव्हती, छापलेला कागद हवा होता. कोट्यवधी आज्यांचे हळदीने पिवळे झालेले हात पुरावा म्हणून मोजलेच गेले नाहीत. बाईचं ज्ञान खरं ठरायला आधी कुणीतरी ते छापावं लागतं. आपल्याकडे पुढे पेटंट कायद्यात दुरुस्ती झाली आणि स्थानिक समाजात तोंडी चालत आलेलं ज्ञानही पेटंटला हरकत घेण्याचं कारण म्हणून मान्य झालं. पेटंट मंजूर होण्याआधी ही हरकत कुणीही घेऊ शकतं. हे कलम आपल्या कामाचं आहे. ते फारसं कुणी वापरत नाही, हे मला खटकतं.

कागदाचा विषय निघाला म्हणजे आपल्या जळगावच्या बहिणाबाई आल्याच. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातलं आणि शेतातलं काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने त्यांतली काही कागदावर उतरवली. डिसेंबर १९५१ मध्ये त्या गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपाने आली. २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. कायद्याच्या भाषेत सांगायचं तर लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९५२ सालच्या त्या पुस्तकाचा २०१२ अखेर संपला. ती गाणी आता सर्वांची आहेत. पण वहीत उतरली तेवढीच. जी नुसती शेतात म्हटली गेली आणि वाऱ्यावर गेली, त्यांना ना कॉपीराइट, ना विद्यापीठ.

यातली मोलाची गोष्ट अशी की लिहून घेणाऱ्यांनी ती गाणी आपल्या नावावर लावली नाहीत. मुखपृष्ठावर नाव बहिणाबाईंचंच आलं. हेच पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांबाबत केलं. खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बाईचं नाव-गाव ओवीबरोबर नोंदवलं. नाहीतर आपल्याकडे 'लोकगीत' हा शब्द पुष्कळदा एवढ्याचसाठी वापरतात की रचणारी बाई कोण होती हे विचारायची गरज पडू नये.

आता हे आपल्याच अंगावर घेऊ या, कारण इथे बसलेल्या अर्ध्याजणी कार्यकर्त्या आहेत. आपण बायांच्या हकीकती लिहून घेतो. अहवालात छापतो, पुस्तिकेत छापतो, कधी त्यावर पथनाट्य बसवतो. ते लिखाण कुणाचं? इंग्लंडमध्ये १९३७ साली असाच खटला झाला होता. स्टीव्ह डॉनह्यू नावाच्या प्रसिद्ध घोडेस्वाराने आपल्या आठवणी एका पत्रकाराला सांगितल्या आणि पत्रकाराने त्या आपल्या भाषेत लिहिल्या. कोर्टाने ठरवलं, शब्द ज्याने घडवले तो लेखक. आयुष्य ज्याचं होतं तो नव्हे. कल्पना आणि मांडणी यांतल्या भेदाचं हे दुसरं टोक आहे. मार खाल्ला बाईने, टाके पडले बाईला, आणि लेखक ठरणार मी, कारण वाक्यं माझी! उलट तिने सांगितलं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं, तर लेखणी माझी असली तरी लेखिका तीच. म्हणून आमच्या संस्थेत आम्ही दोन प्रथा पाडल्या आहेत. हकीकत शक्यतो सांगणारीच्या बोलीत, अहिराणी असेल तर अहिराणीत, जशी सांगितली तशी उतरवायची आणि तिला वाचून दाखवायची. आणि छापायचं की नाही, नाव घालायचं की बदलायचं, नंतर कुणी त्यावर सिनेमा काढायला मागितला तर कुणी हो म्हणायचं, हे तिच्या भाषेत लिहून तिची सही किंवा अंगठा घ्यायचा. सासरच्या धाकाने आज नाव लपवायचं असेल आणि दोन वर्षांनी सांगावंसं वाटलं, तर तीही वाट उघडी ठेवायची.

नावाचा हक्क कॉपीराइटच्या कायद्यात वेगळा सांगितलेला आहे, कलम ५७ मध्ये. लिखाण विकून टाकलं तरी 'हे मी लिहिलं' म्हणायचा आणि त्याची मोडतोड होऊ नये म्हणून भांडायचा हक्क लेखकाकडे राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' या कादंबरीचे सिनेमाचे हक्क दिले होते. 'समय की धारा' या सिनेमात त्या कादंबरीचा अर्थच बिघडवला, म्हणून त्या कोर्टात गेल्या. १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने लेखिकेचा हा हक्क मान्य केला. घटस्फोटित बाईच्या बाजूने विचार करणाऱ्या पुस्तकाचं काय केलं जातं, याची झळ तिने स्वतः सोसायची आणि तिनेच कोर्टाची पायरीही चढायची, हे काही नवीन नाही. पण ती चढली म्हणून आज तो निकाल आपल्या हाताशी आहे.

गाणाऱ्या बहिणींसाठी एक गोष्ट. १९९४ च्या दुरुस्तीपासून कलावंताचाही हक्क कायद्याने मानला आहे. गाणं जुनं, कुणाच्याच नावाचं नसलं तरी तुम्ही जे गायलात त्या गाण्याच्या कार्यक्रमावर पन्नास वर्षं तुमचा हक्क असतो. लग्नात, कानबाईच्या रात्री कुणी मोबाइल पुढे धरून तुमची अहिराणी गाणी घेतो आणि पुढे त्यांतून पैसे कमावतो, तेव्हा त्याने तुम्हाला विचारायला हवं होतं. कागदावर संमती देताना रक्कम आणि नाव दोन्ही लिहून घ्या.

आता शेवटचा मुद्दा. सकाळच्या सत्रातल्या सातबाऱ्याचा धागा इथे परत येतो. जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक निर्देशन मिळालं. लोक त्याला जी.आय. म्हणतात. ही एकट्याची मालकी नसते, त्या भागातल्या उत्पादकांची मिळून असते. तसलं वांगं नाशकात कुणी लावू नये असा याचा अर्थ नाही. ते 'जळगावचं भरिताचं वांगं' म्हणून विकता येणार नाही, एवढाच. हा हक्क विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. मला हा कायदा त्यातल्या त्यात आपल्या विचाराच्या जवळचा वाटतो.

पण भरीत म्हणजे नुसतं वांगं नव्हे. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर ते भाजायचं, बडगीत ठेचायचं, त्यात काय आणि केव्हा घालायचं, हे सगळं बाईचं. ते निर्देशनात येत नाही, वांगं येतं. आणि वांग्याचा विषय निघाला की वांगं पिकवणारा म्हणून सातबाऱ्यावरचा माणूस पुढे येतो. या निर्देशनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करता येते. तिची फी २०२० साली पाचशेवरून दहा रुपये झाली. आमच्या ओळखीच्या काहीजणी चौकशीला गेल्या तर पहिला प्रश्न आला, "उतारा कुणाच्या नावावर आहे?" त्या परत आल्या.

परत यायचं कारण नव्हतं. १९९९ च्या त्या कायद्यात 'उत्पादक' या शब्दाची व्याख्या दिली आहे. शेतमालाच्या बाबतीत पिकवणाऱ्याबरोबर त्यावर प्रक्रिया करणारी आणि तो बांधून भरणारी व्यक्तीही उत्पादक आहे. तिथे सातबाऱ्याचा उल्लेख नाही. केळीचे वेफर तळणाऱ्या बाईला आणि माल निवडून खोक्यात भरणाऱ्या बाईला हा दावा करता येतो. व्याख्येत व्यापारीही बसतो, म्हणून आपण मागे राहिलो तर जागा कोण घेईल ते सांगायला नको.

बियाणाचंही तसंच आहे. पीक वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा २००१ साली झाला. त्यात 'शेतकरी' कोण? स्वतः जमीन कसणारा तर आहेच, पण जो पारंपरिक वाण जपतो, निवडून-पारखून त्याचे गुण वाढवतो, तोही. वांग्याचं चांगलं फळ झाडावर पिकू देऊन, बी राखेत घोळून मडक्यात ठेवणारी सासू त्या व्याख्येप्रमाणे शेतकरी आहे, शेताचा एक गुंठा तिच्या नावावर नसला तरी. शेतकऱ्याने जपलेल्या वाणाच्या नोंदणीला त्याला फी नाही, आणि गावसमूहालाही आपल्या वाणाची नोंद करता येते.

इथे एक धोक्याची सूचना. यावल, चोपडा, शिरपूरच्या सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल बहिणी आज आल्या आहेत. तुमच्या ग्रामपंचायतीत २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. समितीवरच्या नेमलेल्या सदस्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. ही वही उपयोगाची आहे, हळदीच्या वेळी असाच कागद लागला होता. पण कुठली मुळी कुठल्या दुखण्यावर, किती आणि कशी, हे सगळंच त्यात उतरवायचं का, याचा निर्णय जाणत्या बाईने करायचा आहे, वही भरायला आलेल्या मुलाने नव्हे. वनस्पतीचं नाव आणि 'औषधी उपयोग आहे, जाणकार अमुक' एवढ्यावरही थांबता येतं. एकदा उघड झालेलं गुपित कुठलाही कायदा परत आणून देत नाही.

आता चहा होईल. त्यानंतर आपण तालुक्याप्रमाणे बसू. ज्यांच्या गटाचा माल बाजारात आहे त्यांनी लेबल आणि सगळ्यांत जुनं बिल काढून ठेवा. रावेर, यावल आणि जळगावच्या बहिणींसाठी वापरकर्ता नोंदणीच्या अर्जाच्या प्रती मी आणल्या आहेत, वर मराठीत कच्चा मसुदाही आहे. त्यात 'उत्पादक' या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. आणि कुणाला लिहिता येत नसेल तर शेजारी लिहिणारी बसवा, पण नाव मात्र सांगणारीचंच घाला.